केस तशी साधीच!

आधी कबुलीजबाब. त्या शनिवारी ड्युटीवर मी होते.

ताईच्या ऑफिसात कसलंतरी गो-लाइव्ह होतं, जिजू बेंगळुरूला टूरवर आणि पाळणाघर शनिवारी बंद. शुक्रवारी रात्री तिचा फोन, ‘चार तास येशील का गं? काही करायचं नाहीये, नुसतं तिच्याकडे बघायचंय.’ फ्रीलान्सर माणूस घरच्यांच्या लेखी कायम रिकामाच असतो. त्यामुळे ‘मला डेडलाइन आहे’ वगैरे काही न बोलता मी लॅपटॉप उचलला आणि सकाळी नऊला वाकडला, अकराव्या मजल्यावर हजर झाले.

भाचीबाई साडेचार वर्षांच्या. नाव सांगत नाही, उद्या मोठी होऊन माझ्यावर केस करायची. (हा पीजे मारल्याशिवाय हा कॉलम लिहून होणारच नव्हता. झाला एकदाचा.) केस मात्र खरंच दृष्ट लागण्यासारखे. जून महिना, नुकतीच शाळा सुरू झालेली, ताईने निघताना दोन घट्ट वेण्या घालून दिलेल्या, लाल रबरबँड लावून. आम्ही पोहे खाल्ले, एक चित्र रंगवलं, मग मी कार्टून लावून दिलं. तोपर्यंत मी एकदम आदर्श मावशी होते.

अकराला फोन वाजला. तीन दिवस मला टाळणाऱ्या एका शेफला नेमका तेव्हाच मुहूर्त सापडला होता. मी बेडरूममध्ये गेले, दार अर्धवट लोटलं आणि त्याची मिलेट थाळी लिहून घ्यायला लागले. मधे एकदा मॅडम आल्या, माझा कुर्ता ओढला, काहीतरी विचारलं. मी मान डोलावली, अंगठा वर केला आणि हाताने ‘जा, खेळ’ म्हटलं. एवढं माझ्या लक्षात आहे. काय विचारलं होतं ते नव्हतं.

मूल असलेल्या घरात अचानक शांतता पसरली की उठून बघावं, हे मला आई, ताई आणि ताईची सासू अशा तिघींनीही वेगवेगळं सांगितलं आहे. मला तेव्हा ती शांतता फारच सोयीची वाटली.

फोन संपवून बाहेर आले तर मॅडम सोफ्यावर बसलेल्या. अंगात रेनकोट. टोपी डोक्यावर, हनुवटीखाली बटण लावलेलं.

‘काय गं, घरात रेनकोट?’

‘पाऊस येणारे.’

सो क्यूट! मी लगेच फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली ‘आमची हवामान खात्याची प्रतिनिधी’ अशी कॅप्शन. ताईने ऑफिसातून बदाम पाठवले, साताऱ्याहून आईने हात जोडले (ती सगळ्यालाच हात जोडते). म्हणजे गुन्ह्याचा पुरावा मी स्वतः, वेळेसकट, सगळ्या घरादाराला पाठवला होता.

एक वाजता वरणभात वाढला तरी टोपी निघेना. ‘घाम येईल गं,’ म्हणून मीच बटण काढलं.

डावी वेणी नव्हती. म्हणजे अजिबातच नव्हती. कानाच्या वर दोन बोटांवरून कुणीतरी गवत कापावं तशी ती कापलेली होती. उजवी होती, पण अर्ध्यावर करवत फिरवून सोडून दिल्यासारखी. आणि समोर कपाळावर जुन्या टूथब्रशसारखे उभे राहिलेले खुंट. मी खरं सांगते, पहिली प्रतिक्रिया म्हणून मला हसूच आलं. मग कानाकडे लक्ष गेलं. कानाच्या पाळीला वरच्या बाजूने एक बारीक लाल रेघ होती. रक्त आलं नव्हतं. दुधाची पिशवी कापायची मोठी कात्री ओट्यावर उघडीच पडली होती. माझं हसू तिथल्या तिथे गेलं.

‘कुणी कापले?’

‘मला नाही माहीत.’

‘घरात आपण दोघीच आहोत.’

बराच विचार. मग, ‘बाहुलीने.’

इथे थोडा ब्रेक घेऊन एक ज्ञानाचा फंडा. टोरांटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कांग ली यांनी मुलांच्या खोटं बोलण्यावर अनेक वर्षं काम केलंय. त्यांचा प्रयोग भारी आहे. मुलाला खोलीत पत्ते ओळखायच्या खेळाला बसवायचं, ‘मी येईपर्यंत बघायचं नाही’ सांगून बाहेर जायचं आणि छुपा कॅमेरा सुरू ठेवायचा. ९० टक्क्यांहून जास्त मुलं पत्ते बघतात. मग विचारायचं, ‘बघितलेस का?’ त्यांच्या आकड्यांनुसार बघणाऱ्यांपैकी दोन वर्षांची ३० टक्के मुलं खोटं बोलतात, तीन वर्षांची ५० टक्के आणि चार वर्षांची ८० टक्क्यांहून जास्त. समोरच्याच्या डोक्यात काय आहे आणि काय नाही हे ओळखता आल्याशिवाय खोटं बोलताच येत नाही. म्हणून या वयातलं खोटं हे बिघडल्याचं नाही, डोकं नीट वाढत असल्याचं लक्षण, असं ली सांगतात. अठ्ठावीस वर्षांच्या मावश्यांवर त्यांनी काही प्रयोग केल्याचं माझ्या वाचनात नाही.

कारण पाच मिनिटांनी ताईचा फोन आला आणि मी म्हटलं, ‘अगं, दोनच मिनिटं बाथरूममध्ये गेले होते.’

आता या केसमधला खरा लोच्या. केस गेले कुठे? जमिनीवर एक केस नाही. कचऱ्याचा डबा बघितला, बाथरूमची जाळी बघितली, पलंगाखाली मोबाइलचा टॉर्च मारला. तिथे एक मोजा आणि तीन क्रेयॉन मिळाले. वेणी म्हणजे काही उडून जाणारी वस्तू नाही. ‘केस कुठे टाकलेस?’ विचारलं तर मॅडमनी ओठ असे घट्ट मिटले की मीच घाबरले. गिळले तर नसतील? (हे हसण्यावारी नेऊ नका. काही मुलांना केस उपटायची, तोंडात घालायची सवय लागते आणि गिळलेल्या केसांचा पोटात गोळा होऊ शकतो. डोक्यावर विरळ चकत्या दिसल्या किंवा मूल केस खाताना दिसलं तर सरळ डॉक्टर गाठायचा. एकदाच कात्री चालवणं हे वेगळं प्रकरण.) मी तिला ‘आ’ करायला लावून आत बघितलं. वरणभात होता.

ताई चारला आली. तिने आधी कान बघितला. मग केस. मग कात्री कुठे होती ते. आवाज अजिबात चढला नाही, आणि तेच वाईट.

‘माऊ फोनवर होती,’ भाचीबाईंनी विचारलं नसताना माहिती पुरवली. ‘खूप वेळ. मोठ्ठा फोन.’

ताईने माझ्याकडे बघितलं. ‘दोन मिनिटांत एवढे केस कापून होत नाहीत. मी केसांबद्दल बोलतच नाहीये, कळतंय ना?’

कळत होतं. ताई दोन वर्षांच्या गॅपनंतर पुन्हा कामाला लागलीय. तिचे सोमवार ते शुक्रवार पाळणाघर, शाळेची व्हॅन आणि नशीब यांच्या भरवशावर चालतात. या सगळ्यात एकच नाव असं होतं, जिथे तिला दुसऱ्यांदा फोन करून ‘सगळं ठीक ना?’ विचारावं लागत नव्हतं. ते माझं होतं.

संध्याकाळी तिघी सलॉनमध्ये गेलो. गाडीत कुणी बोललं नाही. सलॉनवाला दादा मात्र एकदम कूल. अशा केसेस त्याच्याकडे सुट्टीत आणि शाळा सुरू होताना येतच असतात म्हणे. ‘पुढचे आणि कानाजवळचे. हात पोचतो तिथले जातात. मागचे वाचतात नेहमी.’ त्याची खरी तक्रार मुलांबद्दल नव्हती, घरी ‘जरा सारखे करून देते’ म्हणून दुसरी कात्री चालवणाऱ्या मोठ्यांबद्दल होती. ओले केस लांब दिसतात, वाळले की वर चढतात आणि सारखं करता करता उरलेलंही जातं. तेव्हा तुमच्या घरी ही वेळ आली तर हात मागे बांधून बसा. बाकी घाबरण्यासारखं काही नसतं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. कपाळावरचे खुंट दिवाळीपर्यंत क्लिपमध्ये बसायला लागतील. वेणीला मात्र दोन वर्षं तरी धरा.

अर्ध्या तासात झकास बॉयकट झाला. आरशात बघून मॅडम स्वतःवर भलत्याच खूष झाल्या.

खूष नव्हते ते बाकीचे. रात्री नवा फोटो ग्रुपवर पडला आणि सगळ्या खानदानाने जणू स्वतःचेच केस गेल्यासारखा शोक केला. नागपूरच्या आजी म्हणाल्या, ‘आता शाळेच्या गॅदरिंगला गजरा कशात माळणार?’ (गॅदरिंग डिसेंबरात.) एका काकूंनी खोबरेल तेलात कढीपत्ता उकळायची कृती टाकली. आमच्या मामेभावाला तर फारच वाईट वाटलं. जावळ काढलं तेव्हा मामा म्हणून ती त्याच्या मांडीवर होती. तो सोहळा मला चांगला आठवतोय. अकरा महिन्यांचं पोर जिवाच्या आकांताने रडत होतं, चार मोठी माणसं तिचे हात, पाय आणि डोकं धरून बसली होती आणि बाकीचे व्हिडिओ काढत होते. त्या दिवशी तिचे सगळे केस गेले, तेव्हा आम्ही पेढे वाटले.

दुसऱ्याच्या डोक्यावर आपला हक्क सांगायची हौस आपल्याला जरा जास्तच आहे. २००६ साली लाहोरमध्ये भारत-पाकिस्तान वनडे झाली, तेव्हा बक्षीस समारंभात खुद्द पाकिस्तानचे अध्यक्ष परवेझ मुशर्रफ लांब केसांच्या धोनीला म्हणाले होते, माझं ऐकशील तर केस कापू नकोस. पुढच्याच वर्षी वर्ल्ड टी-ट्वेंटी जिंकल्यावर त्याने ते कापले. राष्ट्राध्यक्षाचं कुणी ऐकत नाही, तिथे नागपूरच्या आजींचं कोण ऐकणार?

रात्री आईचा व्हिडिओ कॉल. ती हसत होती. ‘तुझ्या मोठ्या मावशीने शिवणाच्या कात्रीने साधना कट केला होता,’ म्हणाली. साधनाचा ‘लव्ह इन सिमला’ आला १९६० साली. हिरॉइनचं कपाळ रुंद दिसतं म्हणून कपाळावर बट कापून आणली आणि सगळा देश ती बट कापत सुटला. आमची मावशी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. बट फारच वर कापली गेली, म्हणून महिनाभर रुमाल बांधून शाळेत गेली. विचारलं की सांगायची, डोकं दुखतंय. म्हणजे रेनकोट आमच्या घराण्यातच आहे.

मी त्या रात्री ताईकडेच राहिले. तिने मला राहा म्हटलं नव्हतं आणि जा पण म्हटलं नव्हतं.

रविवारी सकाळी उठले तर बॉयकट बाल्कनीत उभा. ग्रिलला नाक लावून खाली बघत होती.

‘काय बघतेस?’

‘ती बाई कधी येणार?’

‘कुठली बाई?’

‘केसावर फुगेवाली.’

माझी ट्यूब तेव्हा पेटली. पुण्याच्या टॉवरमध्ये वाढलेल्यांसाठी सांगते. आमच्या साताऱ्याच्या गल्लीत अजून एक बाई येते, खांद्याला बोचकं, हातात फुग्यांची काठी, ‘ए केसाऽऽवर फुगे!’ अशी आरोळी देत. विंचरताना कंगव्यात येतो तो गुंतवळ घरोघरच्या बायका पिशवीत साठवून ठेवतात आणि तिला देतात. पोरांना फुगा, बायकांना सुया, पिना, जास्त असेल तर एखादी वाटी. आमची आई बाथरूमच्या खिडकीत अशी पिशवी ठेवायची तेव्हा आम्हा दोघी बहिणींना लाज वाटायची. आता वाटतं, आम्हाला कशाची लाज वाटायची कुणास ठाऊक! त्या बोचक्यातला माल पुढे हाताने सोडवला जातो, धुतला जातो, लांबीप्रमाणे लावला जातो आणि त्याचे विग होऊन परदेशात जातात. तिरुमलाला भाविक अर्पण करतात त्या केसांचा तर देवस्थान रीतसर ई-लिलाव करतं आणि त्यातून कोट्यवधी रुपये येतात. २००४ साली या देवळातल्या केसांवरून इस्रायलच्या एका मोठ्या धर्मगुरूंनी आक्षेप घेतला आणि न्यूयॉर्कमधल्या ज्यू बायकांनी आपले महागडे विग रस्त्यावर जाळले होते. २०२२ मध्ये आपल्या सरकारने कच्च्या केसांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. म्हणजे माल किमती आहे. बाजारातही मुळापासून एका दिशेत कापलेल्या सलग केसांना भाव जास्त, गुंतवळाला कमी.

भाचीबाईंना हे अर्थशास्त्र मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्यालाच कळलं होतं. आजीच्या महिन्याभराच्या गुंतवळाला एकच फुगा आला होता. ‘एवढ्याशा केसांना एकच येतो गं बाळा,’ आजी म्हणाली होती. हिला चार हवे होते. लाल, पिवळा, निळा आणि मिकीवाला.

तिने खेळण्यांच्या टोपलीच्या तळाशी ठेवलेला मागच्या वर्षीचा टिफिन आणला. आत वेणी होती, लाल रबरबँडसकट. बाजूला कपाळावरचे बारीक केस, टिश्यूत गुंडाळून. एक केस वाया घालवला नव्हता.

‘मग काल सांगितलं का नाहीस?’

‘आरशात बघितलं. छान नव्हतं दिसत.’ मग जरा वेळाने, ‘आणि मी तुला विचारलं होतं.’

‘काय विचारलं होतंस?’

‘माझे केस देऊ का म्हणून. तू असं केलंस.’ आणि तिने मला अंगठा दाखवला.

वर केलेला. जसाच्या तसा.

मी ताईला त्या दिवशी फुगेवालीची गोष्ट सांगितली. ती हसली, डबा उघडून वेणीवरून हात फिरवला, थोडी रडलीसुद्धा. आमचं बोलणं सुरू झालं. इतकं छान वाटत होतं की अंगठ्याचं मी सांगितलंच नाही. मग सोमवार आला. मग तिची नाइट शिफ्ट. मग मला वाटलं, आता कशाला उगाच. भाचीबाई मात्र तेव्हापासून मला काही विचारायचं असलं की आधी माझ्या हातातला फोन काढून घेते, उलटा ठेवते आणि मग विचारते. ताईला ती तिची नवी स्टाइल वाटते.

ताई, तू हा कॉलम दर आठवड्याला ऑफिसच्या कॅबमध्ये वाचतेस, मला माहितीये. फोन पंचवीस मिनिटांचा होता. बाथरूमला मी गेलेच नव्हते. आणि पोरीने चोरून काही केलं नाही, परवानगी घेऊन केलं. ती मी दिली होती. संध्याकाळी घरी येते. ओरडायचं तेवढं ओरड.

आणि तो डबा टाकू नकोस. तुमच्या गेटवर सिक्युरिटीवाले फुगेवालीला आत सोडत नाहीत, मी विचारून आले. पुढच्या महिन्यात मी साताऱ्याला जातेय, डबा मी नेते. आईने त्या बाईशी बोलून ठेवलंय. चार फुगे द्यायला ती तयार आहे, पण मिकीवाल्याचे दहा रुपये वर मागतेय.